काळ्या मातीत बटाटा लावायचा तर

सांगलीत विश्रामबागच्या पुढे आम्ही घर बांधलं तेव्हा मागे वीस बाय तीस फुटांची मोकळी जागा राहिली. जमीन काळीभोर. ‘काहीही लावा, उगवेल’ असं ज्याने त्याने सांगितलं, आणि मीही ते खरं मानून पहिल्याच दिवाळीनंतर बटाटा लावला. पाला गुडघ्याला लागेल इतका माजला. शेजारच्या काकूंनी दोन किलो आधीच सांगून ठेवले. फेब्रुवारीत काढायला गेले तर कुदळ ठण्‌कन परत आली. जे बटाटे निघाले ते पेढ्यासारखे चपटे, काही दोन ढेकळांच्या फटीत सापडून वाकडे झालेले, आणि तळाशी चार-पाच सडून पाणी झालेले. धाकटा भाऊ पुसेगावजवळ शेती करतो, दर पावसाळ्यात बटाटा घेतो. त्याने एक ढेकूळ उचलून हातात तोललं आणि म्हणाला, “आक्का, बटाटं लावलंस का विटा पाडल्यास?”

त्यानंतर मी बटाट्यापेक्षा मातीकडे जास्त बघायला लागले. खाली लिहिलंय ते दहा बाय दहा फुटांच्या, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या वाफ्याच्या हिशोबाने आहे. तुमचा वाफा लहान-मोठा असेल तसं प्रमाण करा.

बटाटा म्हणजे मूळ नव्हे. ते खोड आहे. जमिनीखाली खोडाला पांढरे धुमारे फुटतात, त्यांची टोकं फुगतात आणि बटाटा तयार होतो. फुगताना त्याला चहूबाजूंची माती ढकलून स्वतःची जागा करावी लागते. मुळा किंवा गाजर टोकाने तरी वाट काढतं. बटाटा सगळ्या अंगाने ढकलतो. माती ढकलली गेली नाही तर तो जागा असेल तसा वाढतो, किंवा वाढतच नाही. आमच्या मातीत अन्न कमी नव्हतं, ते पाल्यावरूनच दिसत होतं. कमी होती ती पोकळी. म्हणून बटाट्याच्या मातीचं निम्मं काम खत घालण्याआधीचं असतं, आणि ते जूनमध्ये सुरू होतं.

आधी आपली माती कुठली ते बघा

सातारा-सांगलीत ‘आपल्याकडची माती’ असं एका शब्दात सांगता येत नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरभागात जांभ्याची तांबडी माती. ती आम्लधर्मी, पाणी लगेच सोडणारी. खटाव-माणकडे हलकी, मुरमाड, खोली कमी. कृष्णाकाठी कराड, वाळवा, पलूस, मिरज ह्या पट्ट्यात खोल काळी. डोंगरातल्या मातीला शेणखत आणि पाणी सांभाळलं की बटाटा फार तक्रार करत नाही. खटावच्या हलक्या रानात तर पावसाळ्यातही बटाटा जमतो, कारण पाणी थांबत नाही. कसोटी लागते ती काळ्या मातीत, म्हणून मी मुख्यतः तिच्याबद्दलच लिहिते.

चार चाचण्या घरच्या घरी होतात.

पहिली बरणीची. वीतभर खोलीवरची मूठभर माती काचेच्या बरणीत घ्या, तीन भाग पाणी घाला, दोन मिनिटं खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा (वाळूपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड कण) एक-दोन तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. माझ्या बरणीत वाळूची फक्त एक रेघ होती.

दुसरी खड्ड्याची, आणि चारांतली हीच सगळ्यात महत्त्वाची. फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा काढून पाण्याने भरा. रात्रभर जिरू द्या. सकाळी पुन्हा भरून तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. एक ते तीन इंच उतरलं तर उत्तम. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर सपाट वाफ्यात बटाटा लावू नका, उंच वरंब्याशिवाय तो सडणार. चार इंचांच्या वर असेल तर माती मुरमाड आहे. तिथे पाणी थोडं-थोडं आणि वारंवार द्यावं लागेल.

तिसरी चोपणाची. वाळवा, पलूस, मिरज भागात वर्षानुवर्षं उसाला पाटपाणी देऊन कित्येक जमिनी खारवट किंवा चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या, पाणी न मुरणाऱ्या) झाल्या आहेत. अशा शेताचे प्लॉट पाडून घरं झाली असतील तर परसातही तीच माती येते. वाळलेलं बोराएवढं ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या वाटीत अलगद सोडा, हलवू नका. ते विरघळून कण खाली बसले आणि पाणी निवळ राहिलं तर ठीक. न हलवता पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर माती चोपण असण्याची शक्यता मोठी. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी पापडी येत असेल तर ते क्षार. बटाट्याला क्षार फारसे सोसत नाहीत.

चौथी व्हिनेगरची. कोरड्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. आमच्याकडे सोडा-वॉटरसारखं फसफसलं.

ह्यापुढे जायचं असेल तर माती परीक्षण करून घ्या. १५ ते २० सेंटिमीटर खोल इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा काढून त्याच्या कडेची माती खरवडून घ्यायची, वाफ्यातल्या पाच-सहा ठिकाणची एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो द्यायची. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नये. सांगली जिल्ह्यात कांचनपूरला, सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कालवडे इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथे किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत चौकशी करा. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेची योजना आहे, त्यामुळे अहवाल कसा वाचायचा हे सांगणारी माणसं आता गावोगाव सापडतात. अहवालात दोनच आकडे आधी बघा: सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क ते) आणि क्षारता. बटाट्याला साडेपाच ते साडेसहा सामू आवडतो, साडेसातपर्यंत तो निभावून नेतो. कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ निघतो. घाबरू नका, पण पुढे राखेबद्दल लिहिलंय ते मात्र नक्की वाचा.

जागा

सहा तास तरी ऊन हवं. कडुनिंब, शेवगा, सुबाभूळ जवळ नको, मुळं वाफ्यात शिरतात. घर नवीन असेल तर फूटभर खणून बघा: बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गोळे, चुन्याचे तुकडे हमखास पुरलेले असतात. ते वेचून बाहेर टाका.

गेल्या दोन-तीन वर्षांत त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची झाली असेल तर ती जागा सोडा. बटाटा त्याच घराण्यातला. मर रोग, करपा आणि सूत्रकृमी (मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे किडे) वारसाहक्काने मिळतात. हळद किंवा आलं घेतलेल्या वाफ्यातही मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी असू शकते. जुनी गड्डी काढताना मुळांवर मण्यासारख्या गाठी दिसल्या असतील तर तिथे झेंडू लावा आणि बटाट्याला दुसरा कोपरा द्या. कांदा, लसूण, मेथी, घेवडा, मका ह्यांच्यानंतर बटाटा चांगला.

जून: ताग

ढेकूळ फोडण्याचं काम कुदळीपेक्षा मुळं चांगली करतात, हे मला तिसऱ्या वर्षी पटलं. मृगाचा एखादा चांगला पाऊस झाला की वाफ्यात ताग फेकायचा. शंभर चौरस फुटांना साठ-सत्तर ग्रॅम बी, म्हणजे एक मोठी मूठ. दाट उगवला तर बिघडत नाही. जमीन खारवट असेल तर तागाऐवजी धैंचा. तो क्षारही सोसतो आणि साचलेलं पाणीही.

पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत ताग कमरेच्या वर जातो आणि कळ्या दिसू लागतात. पिवळी फुलं सुंदर दिसतात, पण मोह आवरा. फुलं पूर्ण उमलून शेंगा धरल्या की खोडाचा काथ्या होतो आणि कुजायला महिने लागतात. कळी दिसली की विळ्याने कापा, वीतभर तुकडे करा, दोन दिवस तिथेच सुकू द्या आणि पावसाच्या उघडिपीत मातीत गाडा. हे साधारण नागपंचमीच्या आसपास येतं. गणपती-गौरी, पितृपंधरवडा होईपर्यंत तो कुजून जातो. गाडल्यावर किमान महिनाभर मध्ये जाऊ द्या. अर्धवट कुजलेल्या पाल्यात बेणं (लावायचा बटाटा) लावलं तर तेही त्याच्याबरोबर कुजतं.

पावसाळ्यात घराबाहेर होतात, ताग राहून गेला? तर बटाट्याआधी पालापाचोळ्याचा दोन-तीन इंच थर देऊन जमीन झाकून ठेवा. उघडी काळी माती पावसाच्या माराने थापली जाते आणि मग आश्विनातल्या उन्हात तिचं खडीकरण होतं.

वाफसा

आता ह्या सगळ्या लेखातला एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल तर तो हा. माती ना ओली ना कोरडी, मोठ्या पोकळ्यांतलं पाणी उतरून तिथे हवा आलेली आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकलेली, अशी अवस्था म्हणजे वाफसा. शेतकऱ्याच्या घरात हा शब्द मुलं चालायला लागायच्या आधी ऐकतात. आम्ही शहरात येऊन तो विसरलो आणि रविवारी सुट्टी आहे म्हणून खणायला लागलो.

काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती ओली असताना खणली की कुदळीच्या प्रत्येक घावाला एक गुळगुळीत पत्रा तयार होतो. तोच वाळून वीट होते. मी पहिल्या वर्षी परतीच्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी खणलं होतं, पायाला चिखल लागत असताना. भावाने ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “माती हाताला चिकटंस्तवर रानात पाय घालायचा न्हाई,” एवढंच म्हणाला.

वाफसा ओळखायची रीत: वरची कोरडी माती बाजूला करून चार-पाच इंच खालची मूठभर माती घ्या. मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे. तो कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडा. फुटून भुगा झाला तर वाफसा. थप्प करून तसाच बसला, किंवा अंगठ्याने दाबल्यावर चकाकला, तर अजून ओल जास्त. मुळात गोळाच झाला नाही तर कोरडी. पाणी देऊन थांबा. काळ्या मातीत मोठ्या पावसानंतर वाफसा यायला तीन दिवस लागतील किंवा आठ, ऊन-वाऱ्यावर आहे. आला की दोन-तीन दिवस टिकतो. त्या दिवसांत लग्नकार्य असलं तरी सकाळचा एक तास वाफ्याला द्या.

आणि खणून झालेल्या वाफ्यात चालू नका. मध्ये फळी टाकून तिच्यावर उभं राहा. मुलांना क्रिकेटचा चेंडू काढायचा असेल तर काठीने काढायला लावा.

खणणी

परतीचा पाऊस ओसरला, वाफसा आला की वीतभर रुंदीची चर काढायला घ्या. वरची सहा-आठ इंच माती कुदळीने उचलून बाजूला ठेवा. चरीच्या तळाशी पहार किंवा चार दात्यांचा काटा खुपसून नुसता हलवा, खालची माती वर आणू नका. आमच्याकडे फुटाखाली चुनखडीचे पांढरे खडे लागतात. ते वर आले की सामू आणखी चढतो. तळ हलला की पुढच्या चरीची वरची माती ह्या चरीत ओढा. असं करत शेवटपर्यंत जा आणि पहिल्या चरीची बाजूला ठेवलेली माती शेवटच्या चरीत भरा. शंभर चौरस फुटांना मला दोन सकाळी लागतात. पन्नाशीपुढच्यांनी तीन लावाव्यात.

ढेकळं त्याच दिवशी ठोकून बारीक करू नका. तसंच तापू द्या आठवडाभर. मग हलकं पाणी शिंपडा आणि पुन्हा वाफसा आला की दंताळ्याने मारा. पहिल्या दिवशी घणाने न फुटलेलं ढेकूळ आता पायाने फुटतं. पिठासारखी बारीक मात्र करायची नाही. हरभऱ्यापासून लिंबाएवढे खडे चालतात. पीठ केलेली काळी माती पहिल्याच पाण्याला थिजते.

काय घालायचं

शेतकऱ्याला बटाट्यासाठी हेक्टरी वीस ते पंचवीस टन शेणखत सांगतात. त्या हिशोबाने शंभर चौरस फुटांना वीस-पंचवीस किलो, म्हणजे जेमतेम दोन-तीन घमेली होतं. ते पोषणापुरतं. आपल्याला माती पोकळ करायची आहे, म्हणून पहिल्या वर्षी इंचभर थर द्या: साधारण पंधरा घमेली. पुढच्या वर्षापासून चार-पाच पुरतात. बोअरचं पाणी खारं असेल तर शेणखत निम्मं करून उरलेलं पालापाचोळ्याच्या कंपोस्टने भागवा, कारण शेणखताबरोबरही क्षार येतात.

शेणखत पूर्ण कुजलेलं म्हणजे कसं? काळपट, मोकळं, हातात घेतलं तर पावसाच्या पहिल्या सरीचा वास. शेणाचा वास येत असेल, आत वाफ असेल, गोवऱ्यांचे तुकडे ओळखू येत असतील तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या खताने बटाट्यावर खपली येते, साल खरबरीत होते. शिवाय त्यातून येते हुमणी.

हुमणीवर थोडं थांबते, कारण आपल्या ऊसपट्ट्यात ही घरची पाहुणी आहे. एका वर्षी मी एका खतवाल्याकडून ट्रॉली घेतली. स्वस्त पडली म्हणून खूश होते. पसरताना पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या, तांबड्या डोक्याच्या अळ्या निघायला लागल्या, घमेल्यामागे चार-पाच. ह्या अळ्या मुळं खातात आणि बटाट्याला चक्क खड्डे पाडतात. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचे पाऊस पडले की हुमणीचे तपकिरी भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर जमतात आणि मग जमिनीत, खतात अंडी घालतात. म्हणून खताचा ढीग मे-जूनमध्ये उघडा ठेवू नये. दिवेलागणीनंतर झाडाची फांदी हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणं हा जुना उपाय आजही सगळ्यात चांगला. आणि खत घालण्याआधी ते चाळून घ्या. निघालेल्या अळ्या कावळे-साळुंक्या दहा मिनिटांत संपवतात. मेटारायझियम नावाची बुरशी शेणखतात मिसळून टाकली तर उरलेल्यांवर काम करते, पण तिला ओल लागते आणि वेळ लागतो.

शेणखताबरोबर मी दोन किलो निंबोळी पेंड आणि पन्नास ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) घालते. ट्रायकोडर्मा दोन घमेली ओलसर खतात कालवून आठवडाभर सावलीत पोत्याखाली ठेवायचा, मग पसरायचा.

आपल्या भागात कारखान्यांमुळे दोन गोष्टी मुबलक मिळतात. उसाचं पाचट: हे सोनं आहे, पण मातीत कोरडं गाडू नका. कुजताना ते नत्र खातं आणि बटाटा पिवळा पडतो. वर्षभर खड्ड्यात कुजवून घाला, किंवा लागणीनंतर वरून आच्छादनाला वापरा. दुसरी, कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ. ताजी मळी गरम असते, तिला घाणही येते. सहा महिने शेणाबरोबर कुजवलेली असेल तरच घ्या.

रासायनिक खत घालायचं की नाही हा ज्याच्या-त्याच्या मनाचा प्रश्न. मी थोडं घालते. लागणीच्या वेळी १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाशचं मिश्रखत) अडीचशे ग्रॅम, सरीच्या तळाशी, वर दोन इंच मातीचा थर, त्यावर बेणं; खत बेण्याला टेकलं की कोंब जळतो. पुढे भर लावताना, म्हणजे रोपाच्या बुंध्याशी माती ओढताना, युरिया शंभर ग्रॅमच्या आत. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि खाली गोट्या राहतात.

काय घालायचं नाही

राख. चुलीची, बंबाची, कारखान्याच्या बॉयलरची, कुठलीच. ‘बटाट्याला राख चांगली, पालाश असतं’ हे तुम्हाला दहा जण सांगतील. कोकणात, महाबळेश्वरला ते खरं असेल. आपल्या मातीचा सामू आधीच आठाच्या आसपास, त्यात राख म्हणजे आणखी वर. खपली रोगाला तेच हवं असतं.

चुना नाही, हे सांगायला नको. गंधक घालून सामू खाली आणायचा प्रयत्नही मी केला. पण ज्या मातीत व्हिनेगर फसफसतं तिथे गंधकाचं आम्ल चुना गिळून टाकतो. पैसे गेले, सामू तिथेच. त्यापेक्षा गड्डे धरायच्या काळात, म्हणजे लागणीनंतर साधारण तिसाव्या ते पन्नासाव्या दिवसात, वरंब्यात ओल सारखी टिकवली तर खपली बरीच कमी होते.

जिप्सम फक्त चोपण मातीला, तेही परीक्षणात निघालं तरच, आणि निचऱ्याची सोय करून. पाणी बाहेर जायला वाट नसेल तर जिप्समने सोडवलेले क्षार तिथेच बसून राहतात.

वाळू. काळ्या मातीत चार घमेली वाळू टाकली की ती भुसभुशीत होईल असं वाटतं. होत नाही, उलट काँक्रीटकडे झुकते. फरक पडायला निम्म्याच्या आसपास वाळू लागते आणि तेवढ्या पैशात बाजारातून चार वर्षांचे बटाटे येतील.

आणि तांबडी माती. ही माझी सगळ्यात महागातली चूक. नर्सरीच्या भरवशावर एक ब्रास तांबडी माती मागवली आणि काळ्यावर अर्धा फूट थर दिला. वरचा थर झकास मोकळा होता. पाणी त्यातून सरसर उतरायचं आणि काळ्या थरावर येऊन अडायचं. दोन मातींच्या सांध्यात डबकं झालं आणि बरोबर त्याच खोलीवर बटाटे होते. तांबडी घालायचीच तर काळ्यात नीट कालवून घाला, वेगळा थर ठेवू नका. नदीच्या गाळाचंही तसंच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पुष्कळ अंगणांत गाळ बसला. तो सुपीक असला तरी वाळला की पापुद्रा धरतो. मिसळल्याशिवाय उपयोग नाही.

वरंबे

सपाट वाफा नको, सरी-वरंबाच करा. दोन फुटांवर दोरी धरून सरळ रेघा मारा, खोऱ्याने सरीची माती दोन्हीकडे ओढा. वरंबा वीतभर, म्हणजे आठ-नऊ इंच उंच आणि माथ्याला पसरट. टोकदार वरंबा पहिल्या पाण्याला ढासळतो. सरीला एका टोकाकडे अगदी किंचित उतार द्या आणि त्या टोकाला पाणी बाहेर जायला वाट ठेवा. अवकाळी पाऊस हरभरा-द्राक्षांनाच गाठतो असं नाही.

सरीत थोडी मोकळी माती मुद्दाम शिल्लक ठेवा. पुढे भर लावायला तीच लागणार आहे. नवशिक्यांचं इथे चुकतं: सगळी माती वरंब्यावर रचून बसतात आणि महिन्याने भरीला माती नसते.

लागण आणि त्यानंतरची माती

आपल्याकडे दसऱ्यानंतर ते कार्तिकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा. गड्डे धरायला रात्री गार लागतात. माती पंधरा ते वीस अंशांवर बटाटा खूश असतो, तिशीच्या पुढे तो गड्डे धरणं जवळजवळ सोडतो. डिसेंबरात लावलेला बटाटा फेब्रुवारीच्या उन्हात सापडतो.

तीन-चार दिवस आधी सऱ्यांना पाणी द्या, वाफसा येऊ द्या आणि मग लावा. बेणं तीस-पन्नास ग्रॅमचं, शक्यतो अख्खं. कापलेल्या फोडी हलक्या रानात चालतात, काळ्या मातीत त्यांना कूज लवकर लागते. बाजारातला जेवणाचा बटाटा लावू नका. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज, कुफरी लवकर ह्यांपैकी प्रमाणित बेणं मिळेल ते घ्या. आठ इंचांवर एक, तीन इंच खोल, डोळा वर. शंभर चौरस फुटांना पाऊणशे बेणी, साधारण तीन किलो.

लागणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकी आंबवणी, म्हणजे लागणीनंतरचं पहिलं पाणी. त्यानंतर पाणी सरीतून, वरंब्याच्या निम्म्याच्या वर न चढवता. माथा भिजवला की काळ्या मातीचं झाकण बसतं. पापुद्रा धरलाच तर खुरप्याच्या टोकाने हलकेच फोडा.

महिन्याने रोपं वीतभर झाली की भर. तण काढा, युरिया द्या, सरीतली मोकळी माती दोन्ही बाजूंनी रोपाच्या बुंध्याशी ओढा, वरची पानं उघडी राहतील इतपत. तीन आठवड्यांनी दुसरी, हलकी भर. हीसुद्धा वाफशावरच करायची. मग सरीत आणि वरंब्यावर पाचटाचा चार बोटं थर द्या: ओल टिकते, माती दुपारची तापत नाही.

भरीचं दुसरंही एक कारण आहे. ऊन लागलेला बटाटा हिरवा होतो, कडवट लागतो आणि तो खायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण काळी माती जानेवारीत भेगाळते आणि त्या भेगांतून बटाट्यावरची पाकोळी खाली उतरते. गड्ड्याच्या डोळ्यांजवळ ती अंडी घालते, अळी आत बोगदे करते, आणि वरून पाहिलं तर बटाटा धडधाकट. काढून टोपलीत ठेवल्यावर पंधरा दिवसांनी काळी विष्ठा दिसते. फवारण्यांपेक्षा भेगा बुजवणं सोपं: आठवड्यातून एकदा वरंब्यांवरून नजर टाका, भेग दिसली की मूठभर मोकळी माती आत ढकला.

नव्वद-शंभर दिवसांत पाला पिवळा पडायला लागला की पाणी तोडा. दहा दिवसांनी पाला जमिनीलगत कापा, आणखी आठ-दहा दिवस गड्डे जमिनीतच ठेवा म्हणजे साल पक्की होते. ह्या काळात भेगा सगळ्यात जास्त पडतात, तेव्हा पाचट काढू नका. काढणीच्या दोन दिवस आधी माती फारच कडक वाटली तर सरीत अगदी हलकं पाणी सोडा आणि वाफशावर काढा. काटा वरंब्याच्या कडेने, बुंध्यापासून वीतभर लांब खुपसायचा. चांगल्या वर्षी माझ्या शंभर चौरस फुटांतून वीस किलोच्या आसपास निघतात. काढलेले बटाटे त्या रात्री वाफ्यात उघडे ठेवू नका, पाकोळी रात्रीच फिरते. आणि कापलेला पालाही त्यांच्यावर झाकायला वापरू नका, तीच तिची वसतीची जागा.

रिकाम्या वाफ्यात राहिलेली बारकी गड्डी वेचून काढा, नाहीतर ती पुढच्या पावसात उगवून रोग सांभाळून ठेवतात. लगेच मेथी किंवा चवळी टाका. बटाटा पुन्हा तिथे तिसऱ्या वर्षी.